एक्क्याण्णव अंशांची ड्यूटी

माझे बाबा टिकाराम खोब्रागडे जगात एकाच गोष्टीला घाबरत, आकडा खाली येण्याला.

एकतीस वर्षं ते भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या हीटिंगला होते. कोळसा भाजून कोक करणाऱ्या उंच, अरुंद भट्ट्या एकीला एक चिकटून उभ्या असतात. त्या सगळ्या रांगेला बॅटरी म्हणतात. बाबांचं काम बॅटरीच्या माथ्यावर. पायांत लाकडी तळव्याचे बूट, गळ्यात ओला गमछा, हातात तापमान बघायचं दुर्बिणीसारखं यंत्र. एक झाकण उघडायचं, वाकून आतली भिंत किती तापली ते बघायचं, वहीत आकडा लिहायचा, की पुढचं झाकण. आकडा तेराशेच्या आसपास. थोडा वर गेला तर गॅस कमी करून निभतं. खाली यायला लागला की मात्र भल्याभल्यांचे चेहरे उतरायचे, कारण त्या भिंतींच्या विटा एकदा तापवल्या की जन्मभर तापलेल्याच ठेवाव्या लागतात. थंड पडल्या तर आकसतात आणि भेगा जातात. म्हणून बॅटरीला ना रविवार, ना दिवाळी.

"थंडी झाली का मेली," बाबा म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, बॅटरी म्हणजे कोणी आजारी बाई आहे.

दुसरी गोष्ट चार्ज देण्याची. शिफ्ट संपली, भोंगा झाला, म्हणून कोणी उठून चालायला लागत नसे. पुढच्या शिफ्टचा माणूस वर चढून यायचा. त्याला शेवटचा आकडा सांगायचा. त्याने स्वतः बघायचं, आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि म्हणायचं, "घेतला." तो शब्द कानावर पडल्यावरच जागा सोडायची. एकदा पुढच्या शिफ्टच्या पुंडलिककाकांच्या घरी पाहुणे आले आणि ते चार तास उशिरा पोचले. बाबा तोवर वरच. घरी आले तेव्हा डोळे लाल, ओठ फुटलेले. आईने भाताचं पातेलं समोर आदळलं.

"मायबापानं मले नवरा नाई देला, बॅटरीचा नवरा उसना देला," आई म्हणाली. माझी आई सिंधुताई, तिच्या जिभेला हाड नाही. बाबा हसले आणि जेवले. नवऱ्यासाठी ती रात्र-रात्र जागायची हेही खरं, पण ते ती कबूल करायची नाही.

रिटायर होऊन हुडको कॉलनीतल्या घरात आल्यावरही ही सवय गेली नाही. कुकरला, स्कूटरच्या इंजिनाला, शेजाऱ्याच्या टीव्हीला, सगळ्याला हात लावून बघायचे. माझ्या कपाळावर तळहात ठेवून ताप सांगायचे आणि थर्मामीटरमध्ये नेमका तेवढाच निघायचा. स्वतःच्या कपाळाला हात लावताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आता माझ्या कॉम्प्युटरचं सांगते. मी उन्नती, त्यांची एकुलती एक मुलगी. शिवनाथ नदीला मोठा पूर आला तर पाणी कुठल्या वस्तीत किती तासांत चढेल, यावर माझी पीएचडी चालली होती. शेवटचं गणित राहिलं होतं. ते सलग दहा दिवस चालणार होतं, आणि माझ्या गाइड सरांचा तो जुना प्रोग्रॅम असा हट्टी की मधे काही साठवून ठेवायचा नाही. थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजातल्या मोठ्या मशीनवर जुलैपर्यंत नंबर नव्हता. माझी मुदत मेअखेर संपत होती, ती एकदा वाढवून घेतलेली होती आणि दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. सहा वर्षं पाण्यात जाणार की नाही, ते त्या दहा दिवसांवर होतं.

म्हणून मी माझा डेस्कटॉप मागच्या खोलीत मांडला आणि तेरा मेच्या संध्याकाळी गणित सुरू केलं. तासाभरात खोलीत भाजलेल्या धुळीचा वास यायला लागला. आतल्या पंख्याचा घोंघाट वाढत वाढत एका सुरावर थांबला आणि मग तो सूर काही हलेना. मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघितला. प्रोसेसर नव्वद अंशांवर होता. इतकं चालतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी मी मिनिटामिनिटाला तो बघत राहिले. मशीन तासभर नव्वदवर चालणं वेगळं आणि दहा दिवस, दोनशे चाळीस तास, दम न खाता चालणं वेगळं. त्यातून बाहेर भिलाईचा मे महिना.

बाबा दारात उभे होते. "फुल लोड?" त्यांनी विचारलं.

"फुल लोड, बाबा. हे पाहा, हे प्रोसेसरचं टेंपरेचर. नव्वद-एक्क्याण्णव राहीन. एक्क्याण्णव दिसलं का समजा सब ठीक हाय."

"अन् वर गेलं तं?"

"शंभरले पोचलं का ते सोताच आपली स्पीड कमी करते. काम हळू होते, पण जळत नाई."

"सोता? कोणी न सांगता?"

"हो."

बाबांनी त्या डब्यावर तळहात ठेवला. "लय शहाणं हाय," ते म्हणाले. "आमाले कोणी असं शिकवलं नाई." आणि मग, "अन् खाली आलं तं?"

मला हसू आलं. मी फोनवर ते तापमान दिसायची सोय करत होते, सरांचा मेसेज येऊन पडला होता, आणि मी मान वर न करता म्हटलं, "खाली कायले येते, बाबा!"

हे माझं उत्तर. खाली आलं तर चांगलंच आहे, एवढं बोलायला मला काय झालं होतं? बाबांनी जुनी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर ठसठशीत लिहिलं, टार्गेट ९१.

दुसऱ्या दिवसापासून घरात तीन शिफ्टा सुरू झाल्या. सहा ते दोन बाबा, दोन ते दहा मी, रात्री आई आणि मी अर्धं-अर्धं. मी म्हटलं फोनवर दिसतं ना सगळं, पण बाबांनी ऐकलं नाही. "फोनवर पाहून बॅटरी चालत नाई." आणि चार्ज तसाच. मी दोन वाजता खोलीत गेले की ते म्हणायचे, "एक्क्याण्णव." मी बघून म्हणायचं, "एक्क्याण्णव. घेतला." मगच ते उठायचे. आई पहिल्या दिवशी "ठेवा तिकडं" म्हणाली, तर बाबा खुर्चीतून हललेच नाहीत. शेवटी तिला "घेतला माय, घेतला" म्हणावं लागलं.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मी त्या मशीनला इतकी घाबरले होते की झोपेतही त्याचा सूर ऐकत होते. सूर जरा बदलला की उठून बसायचे. दोनदा लाइट गेली, यूपीएस ओरडला आणि लाइट परत येईपर्यंत आम्ही तिघं त्या डब्याभोवती उभे राहिलो. अशा वेळी खुर्चीत बाबा बसलेले असले की मला झोप यायची. ज्या माणसाने एकतीस वर्षं एकही वीट थंड पडू दिली नाही, त्याच्या हाती माझं मशीन होतं.

दिवस ढकलत ढकलत नवव्या दिवसाची संध्याकाळ झाली. काही घडलं नाही. आता एकच दिवस उरला होता आणि दुसऱ्या दिवशी, तेवीस तारखेला, बुद्धपौर्णिमा होती.

बाबांच्या नोकरीत पौर्णिमेला सुट्टी पडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रिटायर झाल्यापासून मात्र त्यांनी विहारातली एकही पौर्णिमा चुकवली नव्हती. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि खीर वाटायला सगळ्यांच्या पुढे. त्या सकाळी मला सरांच्या सहीसाठी रायपूरला जायचं होतं. दोनपर्यंत परत येते म्हटलं. आई बाराला विहारात निघाली तेव्हा बाबा पांढरे कपडे घालून मशीनसमोर बसलेले.

"मी बसतो, तू जा," ते तिला म्हणाले. "मले सवय हाय. दोनले उन्नती येते."

"जेवाले?"

"चार्ज देल्यावर."

जाण्याआधी आईने त्या खोलीतल्या कूलरमध्ये बर्फाच्या दोन लाद्या टाकल्या. बाबांना गार वाटावं म्हणून. नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते, आणि बाहेर सेहेचाळीसच्या वर पारा होता.

मी रायपूरहून साडेबाराची लोकल पकडली. गाडीत बसल्यावर फोन उघडून आकडा बघितला. एक्क्याण्णव. अर्ध्या तासाने पुन्हा बघितला. एक्क्याण्णव. इतका स्थिर तर तो नऊ दिवसांत कधी नव्हता. मी मनाशी म्हटलं, वा, आज मशीन शहाण्यासारखं वागतंय. त्या वेळी घरात काय चाललं होतं ते मला नंतर वहीतून कळलं. बर्फाच्या हवेने आकडा खाली यायला लागला होता. अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. आणि माझे बाबा भ्यायले. त्यांनी कूलर बंद केला. गार झोत लागून काही तडकू नये म्हणून खिडकी लावली, दार लावलं. आकडा एक्क्याण्णववर आला की थोडा वेळ कूलर, खाली गेला की बंद. दर दहा मिनिटांनी नोंद, बारीक, सरळ अक्षरात. ते माझ्यासाठी मशीन एक्क्याण्णववर धरून बसले होते. आणि त्याच खोलीत ते स्वतः होते, एकाहत्तर वर्षांचे, उपाशी.

भिलाईच्या अलीकडे, चरोद्याच्या रेल्वे यार्डाबाहेर लोकल थांबली. तिथे ती नेहमीच दोन-चार मिनिटं थांबते. या वेळी अर्धा तास झाला, तास झाला, तरी हलेना. पुढे कुठल्याशा मालगाडीचा डबा घसरल्याचं कोणी म्हणालं. डब्यात तव्यावर बसल्यासारखं झालं होतं. दोन वाजून गेले. मी फोन बघितला. त्र्याण्णव. मग पंच्याण्णव. मग सत्त्याण्णव.

मी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ड्यूटीवर ते फोन जवळ ठेवत नसत, बॅटरीच्या माथ्यावर परवानगी नव्हती म्हणून. आईचा फोन विहारात पर्समध्ये. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण सांगते. मला बाबांची काळजी वाटत नव्हती. मला राग आला होता. समोर आकडा चढतोय, आणि एक कूलर लावता येत नाही यांना! माझी सहा वर्षं त्या आकड्यावर टांगलेली आणि मी यार्डातल्या मालगाड्यांच्या रिकाम्या वाघिणी मोजत बसलेली. दोन चाळीसला आकडा शंभर झाला. मशीनने आपला वेग कमी केला, कोणी न सांगता, पुस्तकात लिहिलं होतं तसा. गणित मंद झालं, पण चालू राहिलं. मी हुश्श केलं.

आणि मग एकदम मनात आलं की त्या खोलीत मशीन शंभर दाखवतंय, तर बाबा कुठे आहेत? आकडा चढलेला पाहून उठणार नाहीत असे ते नव्हते. मी रुळांवर उतरले आणि चरोद्याच्या बाजूला धावत सुटले. ऑटोत बसल्यावर ड्रायव्हरला मी काय सांगत होते ते मला आठवत नाही. "दीदी, रो मत, पहुँचा रहा हूँ," एवढं त्याचं वाक्य आठवतं.

साडेतीनला मी मागच्या खोलीचं दार उघडलं. भट्टीचं दार उघडावं तसा गरम झोत तोंडावर आला. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा लाल, आणि कोरडा. घामाचा थेंब नाही. पांढरा शर्टही कोरडा. हातात पेन. वहीत दीड वाजेपर्यंतच्या नोंदी नीट होत्या आणि त्यानंतर ९१, ९१, ९१, खाली खाली घसरत गेलेलं अक्षर, पानाबाहेर टेबलावर गेलेली रेघ.

"बाबा, उठा. चला बाहेर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. "पुंडलिक," ते म्हणाले, "लय उशीर केला बा."

मी त्यांच्या काखेत हात घातले. अंग असं तापलेलं की मी दचकून हात मागे घेतला. पुन्हा धरलं. ते खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसले. हा वाळका माणूस, आणि मला हलवता येईना.

"बॅटरी चालू हाय," ते म्हणाले. "कसा उठू?"

"घेतला!" मी ओरडले. "बाबा, घेतला, मी घेतला!"

"आकडा बोल."

मी पडद्याकडे बघितलं. शंभर. शंभर म्हटलं असतं तर ते मुळीच उठले नसते. मी एक्क्याण्णव म्हणाले, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना खोटं कळलं. भान हरपलेल्या माणसालाही ते कळलं.

मी मशीनचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार. पंख्याचा सूर खाली आला, खाली आला, आणि थांबला. नऊ दिवसांनी त्या खोलीत शांतता झाली. बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मेलेल्या माणसाजवळ बायका काढतात तसा. खुर्चीचे हात सुटले आणि ते माझ्या अंगावर कोसळले.

शेजारच्या देवीदासकाकांनी गाडी काढली. ओल्या चादरी, डोक्यावर पाणी, सगळ्या खिडक्या उघड्या. हॉस्पिटलात नर्सने ताप बघितला आणि धावत डॉक्टरला बोलावलं. एकशे पाच. बर्फ आला, सलाइन लागली. डॉक्टर तरुण होता, स्पष्ट बोलणारा. "अगले तीन-चार घंटे देखते हैं. टेंपरेचर नीचे आना चाहिए, बस," तो म्हणाला. आत एकाच माणसाला थांबायची परवानगी होती. मी थांबले.

साडेचारला एकशे चार. साडेपाचला एकशे तीन. बाबांचे डोळे मिटलेले, पण एक हात चाचपडत माझ्या ओढणीपर्यंत आला आणि त्यांनी टोक मुठीत धरलं. सहा वाजता ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"किती?"

"एकशे एक, बाबा."

"जास्त हाय. कमी कर."

"कमी होऊन राहिलं."

"पण पडू नको देऊ, पोरी." त्यांना अजून वाटत होतं, आम्ही मशीनजवळ बसलोय. "थंडी झाली का मेली."

सातला शंभर. नर्सने हसून मान हलवली. मला हसू येईना. दुपारभर मी आकडा चढण्याला भ्याले होते, आता तो उतरत होता आणि मी त्याहून जास्त भ्याले. शंभराच्या खाली आला. नव्व्याण्णव. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, पायांना हात लावला, पाय गार लागले. आणखी किती उतरणार? कुठे थांबणार? एकतीस वर्षं हा माणूस रोज ही भीती घेऊन कामाला जात होता, आणि आम्ही मायलेकी त्याला हसत होतो. मी पर्समधून सरांच्या सहीचा कागद काढला आणि त्याच्या मागच्या बाजूला आकडे लिहायला लागले. वेळ, ताप. वेळ, ताप. सही पुढच्या बाजूला होती, तिचा आता उपयोग नव्हता.

साडेसातला अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. पावणेआठला तेवढाच. आठलाही तेवढाच.

आठ वाजता नर्सने आईला आत सोडलं. विहारातली पांढरी साडी तशीच होती, पदराला खिरीचा डाग, डोळे सुजलेले. ती पलंगाशी आली, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तू जा व, खाली चहा घे," ती म्हणाली. "मी बसतो."

मी उठायला गेले तर ओढणी ताणली. बाबांची मूठ तशीच आवळलेली. मी हळूच सोडवायला गेले, तर ती आणखी घट्ट झाली. आईने ते बघितलं. मी बघितलं.

"आई," मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा."

आईने पदराने डोळे पुसले. उशाशी ताप दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्याशी वाकून, एकेक आकडा वाचत, मोठ्याने, बाबांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. घेतला."

बाबांनी माझी ओढणी सोडली.